एकशे सहासष्ट वॅट

त्या घरात विजेवर चालणाऱ्या एकोणीस वस्तू होत्या. छताचे पंखे तीन, ट्यूबलाइट चार, एलईडी दिवे तीन. फ्रिज, कूलर, टीव्ही, गिझर, इस्त्री, मिक्सर आणि वायफायचा राउटर प्रत्येकी एक. मोबाइलचे चार्जर दोन. खिडक्या सहा, आणि एप्रिलातल्या रविवारी सकाळी साडेअकरा वाजता त्यांतल्या पाच बंद. माणसं दोन. बाहेरच्या दारासमोरच्या भिंतीवर खिळ्याला एक लाकडी मीटरपट्टी टांगलेली होती, शाळेत फळ्यावर रेघा मारायला असते तशी, दोन्ही टोकांना पितळी टोप्या. एका जागी ती चिरली होती आणि चिरेवर काळी चिकटपट्टी गुंडाळली होती. ती विजेवर चालत नसल्यामुळे मी यादीत घेतली नाही.

"एकोणीस," मी म्हणाले.

"बरोबर," कळशेट्टी सर म्हणाले. त्यांनी आधीच मोजून ठेवल्या होत्या.

मी तेव्हा तेवीस वर्षांची होते. भौतिकशास्त्रात एमएस्सी करून सोलापुरातल्या एका छोट्या संस्थेत लागले होते. लोकांच्या घरी जाऊन वीज कुठे वाया जाते ते शोधायचं आणि अहवाल द्यायचा, हे काम. पहिल्या दिवशी यादी, मोजमापं, फोटो. मग आठवडाभर दोन-चार वस्तूंवर यंत्रं लावून ठेवायची. शेवटी अहवाल वाचून दाखवायचा. लोकांना वाटे आम्ही मीटर बदलायला आलोय. रेवणसिद्ध कळशेट्टी सर हे मला भेटलेले पहिले असे गृहस्थ, ज्यांना सगळं आधीच माहीत होतं. ते एका कॉलेजात गणित शिकवत. तीन वर्षं रोज सकाळी सात वाजता मीटरचा आकडा लिहून त्यांनी त्याचा आलेख काढला होता, भिंतीवर चिकटवला होता. बारीक पेन्सिलीची रेघ, एकही खाडाखोड नाही. मला तो आलेख फार आवडला. ते मी त्यांना सांगितलंही.

"ही रेघ इथं चढते," त्यांनी बोट ठेवलं. "दोन वर्षांपूर्वीपासून. तेव्हा घरात चार माणसं होती, आता दोन. माणसं कमी झाली आणि वीज वाढली. कारण माझ्या घरातच आहे, फक्त मला पुरावा पाहिजे."

कमी झालेली माणसं म्हणजे त्यांची बायको आणि मुलगी. त्या विजापूरला माहेरी निघून गेल्या होत्या. राहिलेलं दुसरं माणूस म्हणजे त्यांची आई, महानंदा. त्यांना ते अव्वा म्हणत. साठीच्या पुढची, ठेंगणी, गळ्यात लिंग, कपाळावर विभूती. आम्ही बोलत होतो तेव्हा त्या स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या आणि पुरावा हा शब्द आला तेव्हा आत गेल्या.

घर तिसऱ्या मजल्यावर होतं, वर थेट गच्ची. वर जाऊन तिचं तापमान घेतलं आणि खाली येऊन मी उष्णता दाखवणारा कॅमेरा छताकडे धरला. छत एक्केचाळीस अंश. कॅमेरा खाली घेताना महानंदाबाई पाण्याचा तांब्या घेऊन त्यासमोरून गेल्या आणि पडद्यावर त्यांच्या उजव्या हातावर, कोपराच्या खाली, एक पिवळा पट्टा दिसला. सरळ, दोन बोटं रुंद, बाजूच्या कातडीपेक्षा दीड अंशाने गरम. शेगडीजवळून आल्या असतील असं वाटून मी तो फोटो पुसून टाकला.

फ्रिजच्या दाराची चाचणी साधी असते. दारात कागदाची पट्टी धरायची, दार लावायचं आणि पट्टी ओढायची. सहज निघून आली तर दाराचं रबर सैल झालं आहे, गारवा बाहेर जातो. मी पट्टी कापली तर सर म्हणाले, अव्वा धरेल, फ्रिज तीच उघडते दिवसातून चाळीस वेळा. महानंदाबाईंनी पट्टी धरली. त्यांचा हात अजून दाराच्या आत होता तेव्हा सरांनी दार लावलं. लावलं म्हणजे खांद्याने रेटलं. मला हाडाचा आवाज ऐकू आला, लहानसा, शेंग फोडल्यासारखा. मग त्यांनी दार उघडलं.

"चुकून," ते माझ्याकडे बघून म्हणाले.

महानंदाबाईंनी आवाज केला नाही. तोंड उघडलं होतं, पण आवाज केला नाही. त्यांनी हात पदरात गुंडाळला आणि दुसऱ्या हाताने पट्टी पुन्हा धरली. मी म्हणाले राहू दे, मी धरते. पट्टी सहज निघून आली. रबर सैल होतं. मी तसं लिहून घेतलं.

नंतर मी चार यंत्रं लावली: फ्रिज, कूलर, टीव्ही आणि मिक्सर. काडेपेटीएवढी पांढरी डबी, भिंतीतला सॉकेट आणि वस्तूचा प्लग यांच्यामध्ये बसते, दर दहा सेकंदांनी किती वॅट वीज गेली ते टिपते आणि वायफायवरून माझ्या मोबाइलवर पाठवते. मिक्सरजवळ मी वाकले होते तेव्हा महानंदाबाई माझ्या मागे येऊन उभ्या राहिल्या. त्यांची दोन बोटं काळीनिळी झाली होती.

"काय लावायलीस, बाळा?"

मी सांगितलं.

"हे ऐकतं का?"

"नाही, आजी. ऐकत नाही, बघत नाही. फक्त वीज मोजतं."

"मग हरकत न्हाई," त्या म्हणाल्या.

निघताना मी नेहमीचं वाक्य म्हटलं: यंत्र आहे हे विसरा, रोज जसं वागता तसंच वागा. सर हसले. म्हणाले, आम्ही तसेच वागतो, मॅडम.

जिन्याच्या तोंडाशी समोरच्या घरातल्या गाजुल काकू विड्या वळत बसल्या होत्या. मांडीवर सूप, सुपात पानं आणि तंबाखू, शेजारी पानं कापायची कात्री. तो सगळा भाग विडी कामगारांचा. त्यांनी मला थांबवून विचारलं, मीटरवाली का. मी नाही म्हटलं आणि सगळं सांगितलं. त्यांना मिक्सरवर यंत्र लावल्याचं फार हसू आलं.

"चटणीचं यंत्र हाय ते. कळशेट्टींकडं रोज दुपारी चटणी हाय. दोन वर्षं झाली, वास न्हाई का वाटी न्हाई. म्हणावं एकदा आमच्याकडं पण धाडा."

सोलापुरात शेंगांची चटणी केली की शेजारी वाटी जाते. न धाडणाऱ्याला लोक नावं ठेवतात. मीही काकूंबरोबर हसले.

आठवडाभर आकडे येत राहिले. फ्रिज अपेक्षेप्रमाणे धापा टाकत होता. कूलर बंद खिडकीत चालवल्यामुळे घरातच दमट हवा फिरवत होता. पण मिक्सरचा आलेख बघून मी दोन दिवस दुसरं काही केलं नाही. भरलेल्या मिक्सरचा आलेख टेकडीसारखा असतो. सुरुवातीला दाणे अडतात, मोटर जोर लावते, चारशेच्या वर जाते. मग दाणे बारीक होतात, आकडा उतरतो. दोन-तीन मिनिटांत संपतं. इथे टेकडी नव्हती. सरळ रेघ होती. एकशे सहासष्ट वॅट, सुरू झाल्यापासून बंद होईपर्यंत. आमच्या कचेरीतला त्याच जातीचा मिक्सर मी रिकामा लावून बघितला. एकशे अडुसष्ट.

सात दिवसांत सहा वेळा, जवळजवळ नेहमी दुपारी पावणेदोन ते सव्वादोन. सगळ्यात कमी चार मिनिटं, सगळ्यात जास्त एकोणीस. रिकामा.

मी बटण बिघडल्याचा विचार केला, वायरिंगमधल्या दोषाचा केला. आपोआप सुरू होणारा मिक्सर ही कल्पना मला इतकी आवडली की मी अहवालात त्याला स्वतंत्र पान दिलं.

पुढच्या मंगळवारी दुपारी एक वाजता मी अहवाल घेऊन गेले. सर दीडला कॉलेजातून येत. महानंदाबाई एकट्याच होत्या, जमिनीवर उखळ घेऊन बसल्या होत्या. भाजलेले शेंगदाणे, लाल तिखट, लसूण. दोन्ही हातांनी मुसळ उचलून त्या घालत, काळी बोटं मुसळापासून वेगळी धरून. त्यांनी मला भाकरी आणि ती चटणी दिली. मी विचारलं, मिक्सर असताना उखळ कशाला.

"मिक्सरात केलेली चटणी न्हवं बाळा, भुकटी. तेल सुटत न्हाई. मी जिवात जीव हाय तवर मिक्सरात करायची न्हाई."

"मग मिक्सर कशाला लागतो?"

मुसळ वर होतं ते तिथेच थांबलं.

"असतंय काय तरी," त्या म्हणाल्या. मग मुसळ खाली ठेवून त्यांनी माझं मनगट धरलं. "त्या कागदात माझ्या नावावर काय लिहू नको. रेवण्या वाचतो सगळं."

वीज वाया घालवली म्हणून मुलगा ओरडेल अशी त्यांना भीती वाटते, एवढं मला कळलं. फ्रिजचं दारही मला आठवलं. मी त्यांना वचन दिलं. म्हणाले, आजी, अहवालात माणसांची नावं नसतातच, फक्त वस्तूंची असतात.

सर आले. हातपाय धुतले, जेवले नाहीत. आधी अहवाल, म्हणाले. आम्ही टेबलाशी बसलो. महानंदाबाई स्वयंपाकघरात होत्या, दार उघडं होतं. मी एकेक मुद्दा वाचला. फ्रिजचं रबर बदला. गच्चीला चुन्याचा पांढरा थर द्या, छत चार-पाच अंशांनी उतरेल. कूलर चालू असताना समोरची खिडकी उघडी ठेवा.

"खिडक्या उघडायच्या नाहीत," सर म्हणाले. "पुढे."

पुढचं पान मिक्सरचं होतं. मी ते त्यांच्यासमोर वळवून ठेवलं. मला त्या पानाचा अभिमान होता. मी सांगितलं की मिक्सर रिकामा चालतो, आठवड्यातून सहा वेळा, बटण तपासून घ्या. वीज किरकोळच जाते, पण मोटर तापून आग लागू शकते.

सरांनी आलेख वाचला. ते गणित शिकवत. त्यांना आलेख कसा वाचायचा हे सांगावं लागत नव्हतं. त्यांनी आडव्या रेघेवर बोट फिरवलं नाही, खालच्या तारखांवर फिरवलं. सोमवार, एक सत्तेचाळीस ते एक एक्कावन्न. बुधवार, एक बावन्न ते दोन अकरा. बोट बुधवारवर बराच वेळ थांबलं.

"मला वाटायचं," ते हळू म्हणाले, "मी बोलतो तेव्हा हिला ऐकायचं नसतं, म्हणून लावते. दर वेळी. मी बोलायला लागलो की लावते."

आत भांड्यावर झाकण ठेवल्याचा आवाज आला.

"आणि तेही रिकामं. भांड्यात काही घालायचेही कष्ट नाहीत." त्यांनी पान नीट पालथं घातलं, कडा टेबलाच्या कडेशी जुळवल्या. मग माझ्याकडे बघून हसले. "मॅडम, तुमची एक चूक झालीय. गच्चीचं तापमान तुम्ही सकाळी साडेअकराला घेतलंय. ते दुपारी दोनला घ्यायला हवं. आता पावणेदोन झालेत. वर जाऊन घेऊन या."

त्यांचं म्हणणं बरोबर होतं. मी तापमापक घेऊन वर गेले. माझ्यामागे दार लागलं आणि आतून कडी सरकली.

गच्चीवर उभं राहवत नव्हतं. मी तीन ठिकाणी मोजलं. पूर्वेच्या कोपऱ्यात साठ पूर्णांक आठ, मध्ये एकसष्ट पूर्णांक दोन, टाकीपाशी एकोणसाठ पूर्णांक पाच. तिसरा आकडा लिहीत असताना माझ्या पायाखाली मिक्सर सुरू झाला. स्लॅबमधून तो गुरगुरल्यासारखा येत होता. मी घड्याळ बघितलं: एक बावन्न. मला आनंद झाला. दोष चालू असताना पकडायला मिळेल असं वाटलं. खात्रीसाठी मी तिन्ही जागा पुन्हा मोजल्या. त्यात चार मिनिटं गेली.

खाली आले तर दार बंद. गाजुल काकू त्यांच्या जागेवर विड्या वळत होत्या.

"लागली बघ चटणी," त्या म्हणाल्या.

मी दार वाजवलं. मिक्सरच्या आवाजात मलाच माझं वाजवणं ऐकू येईना. मी मोबाइल काढून बघितला. एकशे सहासष्ट. दहा सेकंदांनी, एकशे सहासष्ट. पुन्हा एकशे सहासष्ट. बटण बिघडलं असतं तर घरात दोन माणसं होती, कुणीही प्लग काढला असता. मग मला दिसलं की मी उभी होते तिथून दाराच्या फटीतून आतली समोरची भिंत दिसत होती, खिळा दिसत होता, आणि खिळ्याला काही नव्हतं.

मी दारावर लाथा घातल्या. काकू बघत राहिल्या. दार सागवानी होतं, हललं नाही.

मी खाली धावले. मीटरचे बोर्ड तळमजल्यावर जिन्याखाली होते. पहिल्या दिवशी मी सगळ्या मुख्य खटक्यांवर नावांच्या चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या. जिन्याला चोपन्न पायऱ्या होत्या. कळशेट्टींच्या नावाचा खटका मी दोन्ही हातांनी खाली ओढला.

तीन मजले वरचा मिक्सर घरघरत थांबला. दोन वाजण्याच्या सुमाराला त्या इमारतीत किती शांतता असते ते तेव्हा कळलं. त्या शांततेत वर्गात वापरायचा, न चढलेला, स्वच्छ आवाज जिन्यातून खाली आला.

"एकशे सहासष्ट वॅट. एकोणीस मिनिटं. किती युनिट?"

मग पट्टीचा आवाज. मग बाईचा आवाज, जो दोन वर्षांत त्या जिन्याने ऐकला नव्हता.

"किती? गुणाकार कर. किती?"

पट्टी.

"तुला मोजता येत नाही, जाळता येतं. किती?"

मला उत्तर माहीत होतं. शून्य पूर्णांक शून्य पाच. मी पायऱ्या चढत होते आणि ते आकडे माझ्या तोंडात होते. प्रत्येक मजल्यावर दारं उघडली. हातात विडीचं पान तसंच धरून बायका बाहेर आल्या, आणि कुणीच काही विचारलं नाही, कारण सगळं ऐकू येत होतं.

गाजुल काकूंनी सूप बाजूला फेकलं होतं. तंबाखू जिन्यावर सांडली होती. घरातून वरवंटा आणून त्यांनी कडीच्या जागी दोन्ही हातांनी घाव घातला. तिसऱ्या घावाला लाकूड फाटलं, आतली कडी वाकली, चौथ्याला दार उघडलं.

महानंदाबाई ओटा आणि फ्रिज यांच्यामधल्या जागेत पडल्या होत्या. उखळ आडवं झालं होतं, चटणी सगळीकडे उडाली होती आणि पहिल्यांदा मला रक्त आणि तिखट वेगळं ओळखता आलं नाही. उजवा हात कोपराच्या खाली नको तिथे वळला होता. डावा हात वर ओट्याच्या कडेने सरपटत मिक्सरच्या बटणावर पोचला होता आणि तो बटण दाबत होता. खाली, वर. खाली, वर. टक, टक. वीज नव्हती. त्या दाबतच होत्या.

कळशेट्टी वळला. शर्टाची बाही नीट दुमडलेली होती.

"आकडे घेतले का, मॅडम?"

मी मध्ये गेले. पट्टी आली ती मी बघितली, आडवी नाही, धारेवर. पितळी टोक डाव्या भुवईवर लागलं आणि त्या डोळ्यापुढे लाल झालं. दुसरा घाव मी हातावर घेतला. त्याच्या तोंडावर राग नव्हता. चुकलेलं गणित तपासताना शिक्षकाचा असतो तसा चेहरा होता. तिसऱ्यांदा पट्टी वर गेली आणि खाली आली नाही. गाजुल काकूंनी पानं कापायची कात्री त्याच्या दंडात मुठीपर्यंत घातली होती.

त्याने कात्रीकडे बघितलं. पट्टी पडली. मग तो खुर्ची ओढून बसला, कात्री तशीच, आणि फरशीवर ठिबकणारं रक्त बघत राहिला. काकू त्याच्यासमोर उभ्या राहिल्या.

"दोन वर्षं चटणी म्हणून ऐकलं मी," त्या म्हणाल्या. "दोन वर्षं हसले."

मी महानंदाबाईंपाशी बसले. त्यांचं डोकं मांडीवर घ्यायला गेले तर त्यांनी डाव्या हाताने मला ढकललं. ओठ फाटला होता, शब्द नीट येत नव्हते, पण ते त्यांनी मला दोनदा सांगितले.

"वीज का घालवलीस गं? सगळ्या जिन्याला ऐकू गेलं त्याचं. ह्यांच्या पोरांचा सर हाय तो."

दवाखान्यात उजव्या हाताची दोन्ही हाडं मोडलेली निघाली, तीन बरगड्या, दोन बोटं आधीची. माझ्या भुवईला पाच टाके. महानंदाबाईंनी पोलिसांना सांगितलं की त्या उखळावर पडल्या. दुसऱ्या दिवशी पंचनाम्याला मी माझा आलेख घेऊन गेले. फौजदारांनी विचारलं, मिक्सर रिकामा होता हे कशावरून. मी त्यांच्यासमोर तो रिकामा लावला आणि मग मूठभर शेंगदाणे घालून लावला. त्यांनी दोन्ही आकडे स्वतःच्या हाताने लिहून घेतले, मग तारखा विचारल्या. जिन्यातल्या अकरा बायकांनी जबाब दिले. जामिनावर सुटताना त्याला त्या इमारतीत पाऊल न ठेवण्याची अट घातली गेली आणि तो दुसऱ्या जिल्ह्यात गेला. पुढे शिक्षा झाली, ती तीन वर्षांनी. महानंदाबाई एकदाही त्याच्याविरुद्ध बोलल्या नाहीत, आणि माझ्याशीही बोलल्या नाहीत.

आमच्या संस्थेचा नियम होता की अहवालानंतर एका वर्षाने पुन्हा मोजणी करायची. मला दुसऱ्या कुणाला पाठवता आलं असतं. मीच गेले. गाजुल काकू जिन्यात विड्या वळत होत्या. कात्री नवी होती. त्यांनी मला आत जा म्हणून हाताने खुणावलं.

महानंदाबाईंनी दार उघडलं आणि बाजूला झाल्या. भिंतीवरचा आलेख काढलेला होता, चार कोपऱ्यांना चिकटपट्टीचे तुकडे राहिले होते. फ्रिजचं रबर नवं होतं. कागदाची पट्टी मी एकटीनेच धरली आणि ओढली, निघाली नाही. उखळ ओट्याखाली पालथं पडलं होतं, त्यावर दळणाचा डबा. त्यांचा उजवा हात खांद्याच्या वर जात नव्हता आणि त्याची मूठ पुरती मिटत नव्हती.

मी मिक्सरपाशी वाकून डबी लावली. त्या मागे येऊन उभ्या राहिल्या, वर्षापूर्वी उभ्या होत्या तिथेच.

"अजून ऐकत न्हाई ना हे?"

"नाही, आजी."

"बरं," त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, "काकूच्या घरची वाटी राहिलीय माझ्याकडं. रिकामी कशी देऊ."

याला आता नऊ वर्षं झाली. त्या मोजणीचा अहवाल मी जपून ठेवला आहे. एकच पान आहे.

विजेवर चालणाऱ्या वस्तू: सोळा. खिडक्या: सहा, दुपारी दोन वाजता उघड्या: सहा. छताचं तापमान, चुन्याच्या थरानंतर: छत्तीस पूर्णांक चार अंश. मिक्सर, सात दिवसांत: एक वेळा. शनिवारी सकाळी दहा वाजून चार मिनिटांनी. कालावधी दोन मिनिटं चाळीस सेकंद. सुरुवातीला चारशे वीस वॅट, शेवटी दोनशे नव्वद.